दह्याच्या गावातली हाडांची खाट

मी एक जुनी खाट आहे, मित्रांनो; पण झोपायची नव्हे, हाडे मोजायची. तुम्ही टोचून घ्यायला दोल्नो लिपोवो गावच्या या दवाखान्यात येता, तेव्हा ज्या लांबट, गार, निळे मेणकापड घातलेल्या फळीवर बसून बूट काढता आणि रडायची तयारी करता, ती मी. आधी तू काय करत होतीस, असे तुमच्यातल्या एकानेही मला कधी विचारले नाही. तुमचे बरोबरच आहे. समोर सुई दिसत असताना खाटेची चौकशी कोण करणार? पण आज दवाखाना रिकामा आहे, स्तामेना सिस्टर बाहेर कॉफी पीत उभी आहे, आणि मला तुमच्याशी जरा बोलायचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या हातांनी मला लांब पाठ दिली आणि वर एक वाकडा हात दिला. माझ्या पाठीखालून न दिसणारे किरण निघत, झोपलेल्या माणसातून आरपार जात, आणि माझा हात ते वरच्या वर मोजून घेई. भरीव हाड किरणांना अडवते. पोकळ हाड त्यांना सोडून देते. एवढीच माझी विद्या. तुम्हाला वाटत असेल, हाड म्हणजे दगड. तसे नसते. ते आतून पावासारखे जाळीदार असते. वय झाले, विशेषतः बायकांचे, की त्या पावातली भोके मोठी होत जातात. दुखत नाही, सुजत नाही, ताप येत नाही. बाई दळते, कांडते, नातवंडे सांभाळते आणि तिच्या आत गुपचूप पोकळी वाढत राहते. मग एक दिवस काहीतरी अगदी साधे घडते. डॉक्टर या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आमच्या गावातल्या बायका म्हणत, ‘आतली वाळवी’.

मला इथे आणले डॉक्टर नेव्यानाबाईंनी. त्यांनी नगरपालिकेच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या होत्या, की मी आले तेव्हा त्या आनंदाने माझ्यावर चक्क आडव्याच झाल्या. पहिल्या आठवड्यात गावातल्या बायका मला नुसत्या बघायलाच येत होत्या.

“ही कसली खाट म्हणायची?” पोस्टातली त्सोन्का म्हणाली. “उशी नाही, गोधडी नाही, आणि वर म्हणतात हलू नका, बोलू नका. लग्नानंतर सासूबाईंच्या घरी अशीच झोपायचे मी!”

सगळ्या खिदळल्या. पण एकेक करून माझ्यावर आडव्या झाल्या. मी मोजत गेले. ज्यांच्यात पोकळी सापडे, त्यांना नेव्यानाबाई आठवड्याची एक गोळी देत. गोळी मोठी लहरी होती. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. घरात बसले की डोळा लागतो, म्हणून बायकांनी ठरवले की रविवारी गोळी घेऊन सगळ्यांनी चौकात यायचे आणि चर्चची घंटा होईपर्यंत फेऱ्या मारायच्या.

कॉफीच्या दुकानातले पुरुष खुर्च्या वळवून बसत. “आली, आली उपाशी पलटण!”

“तुम्ही बसा पोटभर,” त्सोन्का जाता जाता ओरडे. “पुढच्या वर्षी बघू, कोण ताठ आहे ते!”

ती माझी चांगली वर्षे होती, मित्रांनो. बायका माझ्यासाठीसुद्धा खाऊ आणत. मला तोंड नाही हे माहीत असूनही चीजच्या गरम पोळीचा तुकडा कडेला ठेवत आणि मग सिस्टर तो खाऊन टाकी. हळूहळू गावात पडणाऱ्या बायका पडून उठू लागल्या. बर्फावरून घसरायच्या, शिव्या द्यायच्या, कपडे झटकून घरी जायच्या. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळातून सर्जनचा फोन आला, “काय हो नेव्यानाबाई, तुमच्या गावातल्या बायकांनी चालणं सोडलं की काय? एकही खुबा येत नाही माझ्याकडे.” खुबा म्हणजे मांडीचे हाड कमरेत बसते तो सांधा. म्हाताऱ्या माणसाचा तो मोडला, की माणूसच मोडते.

पण मित्रांनो, मोडलेले हाड ओरडते. न मोडलेल्या हाडाचा आवाज होत नाही. गावातल्या बायका ताठ चालतात हे लोकांना दिसत होते, पण त्या का ताठ चालतात हे कुणी विचारले नाही. आणि विचारले तेव्हा उत्तर भलतेच काढले.

आमच्या गावात दह्याचा कारखाना आहे, आणि दह्याचा गर्व त्या कारखान्याहून मोठा आहे. सकाळी दही, दुपारी दह्याचे गार सूप, रात्री दही. इथल्या माणसाला शिंक आली तरी तो दही खातो. तेव्हा नवे नगराध्यक्ष पर्वान निवडून आल्यावर त्यांनी जाहीर केले, की साऱ्या जिल्ह्यात सर्वांत मजबूत हाडे आपल्या गावची, आणि ही किमया आपल्या दह्याची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपाशी पलटणीतल्या बायकांनीसुद्धा वाजवल्या. हे सगळ्यात वाईट. गोळीचे नाव घ्यायचे म्हणजे आपण म्हाताऱ्या झालो हे मान्य करायचे. दही मिरवायचे होते.

एके दिवशी पर्वानसाहेब पालिकेच्या दोन सभासदांना घेऊन माझ्या खोलीत आले.

“डॉक्टरबाई,” त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली, “गेल्या वर्षी आपल्या गावात किती बायकांचा खुबा मोडला?”

“एकीचा.”

“एकीचा! आणि त्या एकीसाठी हे धूड पोसायचं? याची देखभाल, सिस्टरचा जादा पगार, गोळ्यांत पालिकेचा वाटा...”

“एकीचाच मोडला, कारण बाकीच्यांना वेळेवर कळलं,” नेव्यानाबाई म्हणाल्या. “एका खुब्याचं ऑपरेशन, मग इस्पितळातली खाट, मग घरी उठवायला-बसवायला माणूस. तेवढ्या खर्चात ही कितीतरी वर्षं चालते, साहेब. हिशेब करून बघा.”

“केला की. ऑपरेशनचे पैसे जिल्हा देतो. हिचे पैसे मी देतो.” ते हसले. “मोडू दे ना मग. मला फुकटात पडतं.”

सभासदही हसले. त्यातल्या एकाच्या आईला मी मोजले होते. तो जरा उशिरा हसला, पण हसला.

ठरले ते असे. मार्चच्या पहिल्या तारखेला गावात दह्याचा उत्सव करायचा, शहरातले दुकानदार बोलवायचे, आणि त्यानंतर मला बंद करायचे. उत्सवाच्या फलकावर कारखान्यातल्या गेर्गिनाबाईंचा फोटो छापला. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात दह्याने भरलेले तांब्याचे मोठे भांडे, आणि खाली लिहिलेले, ‘आमची हाडे दह्याची’.

गेर्गिनाबाईंनी सारा जन्म त्या कारखान्यात विरजण लावले होते. चार वर्षांच्या नातीला, इवाला, त्या एकट्या सांभाळत. इवाची आई मिल्का इटलीत एका श्रीमंत म्हातारीची देखभाल करते. गेर्गिनाबाई माझ्याकडे कधी फिरकल्या नव्हत्या. “मला काय मोजायचंय?” त्या म्हणत. “माझ्या अंगात रक्त कमी आणि दही जास्त.”

त्यांना माझ्याकडे धाडले ते लेकीने. मिल्का रोज फोनवर तोंड बघून बोले. त्या संध्याकाळी ती मधेच थांबली.

“आई, तू बसून बोलतेयस का?”

“उभी आहे गं. भाजी ढवळतेय.”

“मग तुझ्या मागचं घड्याळ एवढं वर कसं गेलं?”

घड्याळ जागच्या जागी होते. आईच खाली आली होती.

म्हणून उत्सवाच्या आदल्या आठवड्यात गेर्गिनाबाई आल्या. एका हाताला इवा, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये मिल्का. त्या माझ्यावर आडव्या झाल्या तेव्हा इवाने त्यांच्या बोटाला घट्ट धरून ठेवले होते. सिस्टरने तिला हात सोडायला सांगितला, तर ती म्हणाली, “मी गेले की आजी घाबरते.”

मी माझा हात त्यांच्यावरून फिरवला. मित्रांनो, मी पुष्कळ जणींना मोजले, पण त्या दिवशी मला ते सांगायला नको झाले. कण्यातले दोन मणके आधीच चेपले होते; उंची त्यामुळेच घटली होती. बाईला कळलेसुद्धा नव्हते. पाठीला वारा लागला म्हणून त्या लोकरीची शाल गुंडाळत होत्या. आणि खुब्यापाशी इतके थोडे हाड उरले होते, की किरण अडखळले नाहीत.

नेव्यानाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. “मावशी, गोळी याच रविवारपासून. त्याआधी रक्त तपासून घेऊ. आणि ओझं उचलायचं नाही. ते भांडं तर अजिबात नाही.”

“आणि हिला?” गेर्गिनाबाईंनी इवाकडे हनुवटी केली.

“हिला बसून मांडीवर घ्या. उचलून नाही.”

फोनमधून मिल्का बोलली. तिचा आवाज थकलेला होता. “आई, ऐक त्यांचं. मी इथं रोज एका बाईला आंघोळीला उचलून नेते. पडली तेव्हा तुझ्यापेक्षा एकच वर्षानं मोठी होती. तिला उचलायला त्यांनी पैसे देऊन मला आणलंय. तू पडलीस तर तुला कोण उचलणार? मी तर इथं आहे.”

गेर्गिनाबाईंनी मान डावी-उजवीकडे हलवली. आमच्याकडे तो होकार असतो. मला बरे वाटले.

त्या बूट घालत होत्या, तेवढ्यात दारात पर्वानसाहेब आले. आपल्या फलकावरची बाई दवाखान्यात शिरल्याचे त्यांना चौकातल्या कुणीतरी सांगितले असणार.

“मावशी! तू इथं?”

“पर्वान्या, मी ते भांडं उचलणार नाही रे. डॉक्टर नको म्हणतात. माझी हाडं पोकळ झालीत.”

साहेबांनी आधी दार लावून घेतले. “हळू बोल. अगं, शहरातले दुकानदार येतायत. दह्याची बाईच पोकळ निघाली म्हटल्यावर आपलं दही कोण घेईल? कारखाना बंद पडला तर तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुठं जायचं? इटलीत? म्हाताऱ्या धुवायला?”

फोन अजून चालू होता. मिल्का ऐकत होती.

“साहेब,” नेव्यानाबाई म्हणाल्या, “हाडं फलक वाचत नाहीत.”

“तुम्ही मधे पडू नका. तुमची बदली जिल्ह्याला झालीय, सामान बांधा.” मग ते पुन्हा गेर्गिनाबाईंकडे वळले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाजात माणसे फार वाईट बोलतात, मित्रांनो. “ठीक आहे मावशी. नसेल होत तर नको. मी त्सोन्काला सांगतो. ती अजून तरणी दिसते. तुझा फोटो काढून टाकू. म्हातारपण सगळ्यांनाच येतं.”

गेर्गिनाबाईंचा चेहरा लाल झाला. “त्सोन्का? तिला विरजण तरी लावता येतं का? शेंबडा होतास तेव्हा तुझं नाक पुसलंय मी, मेल्या. म्हातारी कुणाला म्हणतोस?”

“मग उचलशील?”

“उचलीन!”

“आई!” फोन ओरडला. गेर्गिनाबाईंनी तो एप्रनच्या खिशात घातला.

उत्सवाचा गोंगाट मला खिडकीतून ऐकू आला. सगळ्यांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा, मार्तेनित्सा, बांधलेला होता. मार्च लागला की आमच्याकडे तो बांधतात, आणि झाडाला पहिला मोहोर दिसला की फांदीवर बांधून टाकतात. बॅंड थांबला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. गेर्गिनाबाईंनी भांडे उचलले होते, डोक्याच्या वर नेले होते, आणि काहीही झाले नव्हते.

काहीही झाले नाही, याइतकी क्रूर गोष्ट मी पाहिलेली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या गोळ्यांची न उघडलेली डबी घेऊन आल्या आणि माझ्यावर आपटली. “घ्या तुमच्या गोळ्या. उचललं ना मी? पोकळ म्हणे!” नेव्यानाबाई गेल्या होत्या. सिस्टर एकटीच होती. ती खूप बोलली, अगदी हाताला धरून बोलली, पण टाळ्या खाऊन आलेल्या माणसाला समजावणे सोपे नसते. त्याच दिवशी पालिकेचा माणूस आला आणि त्याने माझी वायर भिंतीतून उपटली. वाकडा हात सोडवून तळघरात नेला. मला मेणकापड घातले.

महिना सरत आला आणि गेर्गिनाबाईंच्या अंगणातल्या प्लमच्या झाडाला मोहोर आला. इवाला आपला दोरा बांधायचा होता, आणि तो सगळ्यांत उंच, मोहोराच्या अगदी जवळ बांधायचा होता. शेजारीण कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती. तिनेच नंतर सिस्टरला सगळे सांगितले. इवा म्हणाली, “आजी, उचल.” आजी म्हणाली, “स्टूल आणते.” इवा म्हणाली, “स्टूल नको, तू. भांडं नाही का उचललंस?”

आजीने तिला उचलले. इवाने दोऱ्याची गाठ मारली. मग शेजारणीला द्राक्षाची वाळकी वेल मोडावी तसा आवाज आला. आजी पडताना वळली आणि पोरीला वर धरून स्वतः खाली गेली. इवाला ओरखडाही उठला नाही.

त्यांना बिजागरीतून काढलेल्या दारावर घालून इथे आणले, कारण रुग्णवाहिका जिल्ह्यातून यायची होती, आणि ती दुसऱ्या गावच्या एका खुब्याला घेऊन गेली होती. आडवे ठेवायला लांब जागा एकच होती. मी. ज्या पाठीवर मी त्यांना मोजले होते, त्याच पाठीवर त्यांना ठेवले, आणि मला वायर नव्हती. त्यांचा एक पाय आखूड दिसत होता आणि बाहेर वळला होता. त्या ओरडत नव्हत्या. दात आवळून इवाकडे बघत हसायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते हसणे बघवत नव्हते.

पर्वानसाहेब दारात आले. “घसरली का?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “आधी हाड मोडलं. मग पडल्या.”

“घसरली असंच सांगा लोकांना,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात शहरात फलक लावायचेत.” आणि गेले.

इवा माझ्या कडेला चिकटून उभी होती. तिने सिस्टरचा झगा ओढला आणि अगदी हळू विचारले, “मी जड झालेय का?”

सिस्टर त्या वेळी सलाईन लावत होती. तिने ऐकले नाही. मी ऐकले. पण मी खाट आहे, मित्रांनो. मला उत्तर देता येत नाही.

ऑपरेशन चांगले झाले, असे सर्जन म्हणाले. गेर्गिनाबाई मात्र चालल्या नाहीत. आधी फुप्फुसे भरली, मग पाठीला जखमा झाल्या, आणि घरी आल्या त्या अंथरुणावरच. मिल्का इटलीतले काम सोडून परत आली. सिस्टरला म्हणाली, “तिकडं याच कामाचे मला पैसे मिळत होते. त्यावर घर चालत होतं. आता काम तेच आहे.”

पालिकेने आपला वाटा थांबवल्यावर गोळ्या बंद झालेल्या इतर बायकाही एकेक करून मोडू लागल्या. पुढच्या बर्फात त्सोन्का पडली आणि उठली नाही. चौकात आता रविवारी कुणी फेऱ्या मारत नाही. रुग्णवाहिका, ऑपरेशने, इस्पितळातल्या खाटा, घरोघर धाडायच्या नर्सा, सगळ्याचा खर्च जिल्ह्यावर पडला; आणि जिल्ह्याने तो गावांवर वाटून टाकला. पर्वानसाहेबांना फुकटात पडले नाही. तुमची शाळेची बस बंद झाली ना, मित्रांनो? वरच्या आळीतली मुले आता चिखलातून चालत येतात ना? माझ्या देखभालीचे पैसे वाचवले होते, ते असे खर्च झाले. ज्या मुलांना हाडे मोजणे म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्यांच्या पायांनी ते फेडले जात आहेत.

आणि गेल्या आठवड्यात मिल्का इवाला घेऊन इथे आली. इवाचे गाल आत गेले होते. मिल्का माझ्यावर बसली, डोळ्यांखाली काळे, हातांना औषधाचा वास. “सिस्टर, ही काही खात नाही बघा. पुढ्यात ठेवलेलं ढकलते. मारून झालं, लाडीगोडी करून झाली. माझ्यात आता ताकद नाही.”

सिस्टरने इवाला वजनकाट्यावर उभे केले. काट्याकडे बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“कमी झालं?” इवाने विचारले.

“झालं की गं, राणी. बरंच कमी झालं.”

इवाचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांनी ती हसली असेल. ती आईकडे वळली. “बघ! अजून थोडं कमी झालं की आजी मला उचलेल. मग ती उठेल.”

 मिल्काने इवाला मांडीवर घेतले, बूट हातात धरला, आणि तो पायात घालायचे विसरून तशीच बसून राहिली.

मित्रांनो, मोठ्यांना मी काय सांगणार? मला बंद करणारे मोठेच होते. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी आजी असेल, तर तिला मोजून घ्यायला न्या. जिल्ह्याला जावे लागले तरी न्या. ती म्हणेल, मला काही झालेले नाही. ते खरेच असेल, आणि न्यायची वेळ तीच असते. हट्ट करा. खाऊसाठी करता तसा, जमिनीवर लोळून करा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. कुठलेही मूल आजीला मोडेल इतके जड नसते. इवाची आजी आधीच आतून रिकामी झाली होती. मोठ्यांना ते कळले होते आणि त्यांनी बंद दाराआड तिला भांडे उचलायला लावले. यात इवाची काही चूक नाही. पण हे तिला कुणी सांगितलेले नाही, कारण तिच्या मनात काय आहे ते मिल्काला आणि सिस्टरला त्या दिवशी कळले, तेव्हा दोघींना बोलवेना. बालवाडीत ती खिडकीजवळच्या बाकावर बसते. तुमच्यापैकी जो तिच्या शेजारी बसतो, त्याने तिला हे सांगावे. एकदा सांगून ती ऐकणार नाही. पुन्हा सांगा. आणि अर्धा पाव ताटात टाकून ती उठू लागली, तर तिचा हात धरून तिला खाली बसवा.